मोटारसायकलीच्या टाकीत कोणते पेट्रोल घालावे?

इंदापूर तालुक्यात वरकुटे बुद्रुक आणि वरकुटे खुर्द अशी दोन गावे आहेत, आणि तेथपासून बारामतीपर्यंतच्या या ऊसपट्ट्यात ज्याच्या शेतात ऊस उभा आहे त्याच्या दारात बहुधा एक मोटारसायकलही उभी असते. या मोटारसायकलींच्या धन्यांकडून गेली दोन-तीन वर्षे तीच ती विचारणा पुन्हा पुन्हा होत आहे. गाडी पूर्वीसारखी ॲव्हरेज देत नाही. थंडीच्या सकाळी किक मारून मारून पाय भरून येतो. गॅरेजमधील मिस्त्री सांगतो की इथेनॉलने कार्बोरेटर खाल्ला. पंपावरचा मुलगा सांगतो की आता सगळीकडे हेच पेट्रोल येते. आणि पुण्याहून सुट्टीला आलेला कोणी भाचा सांगतो की तिकडे बिनइथेनॉलचे पेट्रोल दीडपट भावाने मिळते, तेच घाला. गाडीच्या धन्यासह या चार जणांपैकी खोटे कोणीच बोलत नाही, परंतु प्रत्येकाच्या बोलण्यात गोष्टीचा एकेक तुकडाच आहे, आणि निर्णय घेणाऱ्यास चारही तुकडे जोडूनच पाहावे लागतात.

या भागातील वाचकांस हा प्रश्न इतरांपेक्षा अधिक जवळचा आहे, कारण ते या व्यवहाराच्या दोन्ही टोकांना उभे आहेत. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचा छत्रपती, बिजवडीचा कर्मयोगी, शहाजीनगरचा नीरा-भीमा या कारखान्यांना ऊस घालणारा सभासद आणि पंपावर टाकी भरून घेणारा ग्राहक हा पुष्कळदा एकच माणूस असतो. इथेनॉलच्या खरेदीमुळे कारखान्याच्या हाती पैसा लवकर येतो व उसाचे बिल वेळेवर निघण्यास त्याची मदत होते, ही गोष्ट सभासद म्हणून आपण जाणता. पण म्हणून ग्राहक या नात्याने आपल्या गाडीची काळजी घेण्याचा आणि पंपावर चार प्रश्न विचारण्याचा आपला अधिकार कमी होतो, असे मुळीच नाही.

आज पंपावर प्रत्यक्ष काय मिळते

पेट्रोलात मद्यार्क मिसळण्याची कल्पना नवी नाही. स्वातंत्र्यानंतर लगेच, १९४८ साली, पॉवर अल्कोहोलविषयी स्वतंत्र केंद्रीय कायदा झाला होता. सध्याच्या योजनेचे पहिले प्रयोग २००१ साली जेथे झाले त्यांत आपल्या राज्यातील मिरज व मनमाड ही दोन ठिकाणे होती, आणि २००३ पासून काही राज्यांत ५ टक्के मिश्रण सुरू झाले. २०२२ च्या जूनमध्ये देशाने सरासरी १० टक्क्यांचा टप्पा गाठला, ६ फेब्रुवारी २०२३ रोजी २० टक्के मिश्रणाच्या, म्हणजे ई-२० पेट्रोलाच्या विक्रीस प्रारंभ झाला, आणि २०२५ च्या मध्यापर्यंत ते देशभर सर्वत्र पोहोचले. इथेनॉल तेलकंपन्यांच्या डेपोतच मिसळले जाते आणि पंपावर येणारा टँकर मिश्रित पेट्रोलच घेऊन येतो; तेव्हा पंपमालकास 'मला बिनइथेनॉलचे द्या' असा आग्रह करणे व्यर्थ आहे, कारण साध्या पेट्रोलात तो पर्याय त्याच्याकडे नसतोच.

ग्राहकास बिनइथेनॉलचे पेट्रोल निवडण्याची मुभा असावी व पंपावर इथेनॉलचे प्रमाण लिहिलेले असावे, अशी मागणी करणारी जनहितयाचिका सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ रोजी फेटाळली. त्यामुळे कायद्याच्या बळावर बिनइथेनॉलच्या साध्या पेट्रोलाचा पर्याय मागण्याचा मार्ग तूर्त बंद आहे. जो पर्याय उरतो तो १०० ऑक्टेनच्या महागड्या पेट्रोलाचा. इंडियन ऑइलने डिसेंबर २०२० मध्ये एक्सपी-१०० या नावाने ते प्रथम ज्या दहा शहरांत आणले त्यांत पुणे होते. ते इथेनॉलविरहित असते.

येथे एक फसगत फार लोकांची होते. 'स्पीड', 'पॉवर', 'एक्स्ट्रा' अशी नावे लावलेले व साध्या पेट्रोलापेक्षा काही रुपयांनी महाग असलेले ९५ ऑक्टेनच्या जातीचे पेट्रोल म्हणजे बिनइथेनॉलचे पेट्रोल, अशी समजूत करून घेऊन पुष्कळ जण ते नित्य भरतात. जादा ऑक्टेन आणि इथेनॉलचा अभाव या दोन निराळ्या गोष्टी आहेत. किंबहुना इथेनॉल स्वतःच ऑक्टेन वाढविणारे द्रव्य आहे. नावावर अथवा भावावर विसंबू नये. इथेनॉल आहे की नाही हे स्पष्ट शब्दांत विचारावे.

आधी आपली गाडी ओळखावी

कोणताही सल्ला सर्व गाड्यांना सरसकट लागू पडत नाही. म्हणून प्रथम आर.सी. पुस्तकात उत्पादनाचा महिना व वर्ष पाहावे, नंतर टाकीच्या झाकणाजवळ 'ई-२०' असे चिकटपत्र आहे काय ते पाहावे, आणि गाडीबरोबर मिळालेली पुस्तिका माळ्यावर असेल तर ती काढून त्यातील इंधनाचे पान वाचावे. गाडी किती इथेनॉल सोसते हे उत्पादकाने ठरवून तसे चिकटपत्र गाडीवर लावावे, असा केंद्राचा नियम आहे.

- एप्रिल २०२५ नंतरची गाडी: इंजिनाची जुळणीच ई-२० साठी केलेली. मनात किंतु न ठेवता साधे पेट्रोल भरावे.
- एप्रिल २०२३ ते मार्च २०२५: नळ्या, सील, टाकी हे सारे ई-२० सोसणारे, इंजिनाची जुळणी मात्र १० टक्क्यांची. साधे पेट्रोल चालते. ॲव्हरेजमध्ये किंचित फरक संभवतो.
- एप्रिल २०२० ते मार्च २०२३, म्हणजे बीएस-६ ची पहिली फळी: बहुतेक गाड्यांत कार्बोरेटर जाऊन इंजेक्शन आले, आणि ते मिश्रणातील फरक काही मर्यादेपर्यंत आपले आपण सावरून घेते. रबरी भाग मात्र १० टक्क्यांच्या हिशेबाने केलेले असतात. त्यांची तपासणी दर सर्व्हिसिंगला करून घ्यावी.
- साधारण २००८ ते २०२० ची कार्बोरेटरवाली गाडी: आपल्या भागात सर्वांत मोठी संख्या यांचीच आहे, आणि या लेखाचा मोठा भाग यांच्यासाठीच आहे.
- त्याहून जुनी गाडी, राजदूत, येझदी, जुनी बुलेट इत्यादी: यांच्या नळ्या, बुचे, कॉकचे वॉशर आणि टाकीच्या आतील लेप यांपैकी काहीही इथेनॉलचा विचार करून बनविलेले नाही. यांचे प्रकरण वेगळे आहे.

ॲव्हरेज खरोखर किती घटते

एक लिटर इथेनॉल जाळले असता एक लिटर पेट्रोलाच्या साधारण दोन-तृतीयांश इतकीच उष्णता मिळते. पाचवा हिस्सा इथेनॉल असेल तर हिशेबाने सहा ते सात टक्के ऊर्जा कमी पडते. वाढलेल्या ऑक्टेनचा लाभ घेणारे इंजिन त्यातील काही भरून काढते, जुने इंजिन फारसे काढीत नाही. पेट्रोलियम मंत्रालयाने ऑगस्ट २०२५ मधील खुलाशात १० टक्क्यांसाठी बनविलेल्या व २० टक्क्यांसाठी जुळविलेल्या चारचाकींत १ ते २ टक्के आणि इतर वाहनांत ३ ते ६ टक्के घट मान्य केली आहे. म्हणजे ५३ किलोमीटर देणारी गाडी ५० वर आली तर ते इथेनॉलचे देणे समजावे. पण ती ५३ वरून ४० वर आली असेल, तर इथेनॉलला दोष देऊन स्वस्थ बसू नये. एअर फिल्टर, क्लच, चेन, ब्रेकची पकड आणि टायरमधील हवा यांची चौकशी प्रथम करावी.

आता पैशांचा हिशेब. समजा आपण महिन्यास हजार किलोमीटर फिरता, गाडी ई-२० वर ५० चे ॲव्हरेज देते आणि साधे पेट्रोल १०५ रुपये लिटर आहे: २० लिटर, २,१०० रुपये. तीच गाडी बिनइथेनॉलच्या पेट्रोलावर जास्तीत जास्त ५३ देईल असे धरू व त्याचा भाव १६० रुपये धरू: सुमारे १८.९ लिटर, ३,०२० रुपयांच्या घरात. दर महिन्यास नऊशेवर रुपये अधिक, वर्षास अकरा हजार. भाव बदलत असतात, म्हणून आपल्या पावतीवरील आकडे घालून हा हिशेब पुन्हा मांडावा; परंतु सूत्र एकच आहे की बिनइथेनॉलच्या पेट्रोलाचा भाव साध्या पेट्रोलाहून सुमारे सहा टक्क्यांपर्यंतच अधिक असेल तोवर ते ॲव्हरेजच्या जोरावर परवडते; दीडपट भावात ते कधीही परवडत नाही. शिवाय वरकुट्याहून पुणे शहर सव्वाशे-दीडशे किलोमीटर दूर आहे, हे त्यात धरलेलेच नाही.

घट मोजण्याची रीतही नीट असावी. मीटरच्या काट्याने अथवा 'शंभराचे घातले, दोन दिवस पुरले' या अंदाजाने काहीच कळत नाही. टाकी काठोकाठ भरावी, किलोमीटर टिपावे, पुन्हा काठोकाठ भरताना किती लिटर बसले ते पावतीवरून घ्यावे, आणि असे लागोपाठ तीन वेळा करून सरासरी काढावी.

रबर, जेट आणि जुना गाळ

कार्बोरेटरवाल्या गाडीस इथेनॉलमुळे जो त्रास होतो तो तीन वाटांनी होतो, आणि या तिन्ही वाटा काही शे रुपयांत बंद करता येतात. ही गोष्ट लोकांस कोणी सांगत नाही याचा मला मनापासून खेद वाटतो, कारण त्या अज्ञानापायी चांगल्या गाड्या भंगाराच्या भावाने विकल्या जाताना मी पाहिल्या आहेत.

पहिली वाट रबराची. जुन्या जातीचे रबर इथेनॉलमध्ये प्रथम फुगते, मऊ पडते, आणि गाडी उभी राहून ते वाळले की कडक होऊन त्यास चिरा जातात. टाकीखालून कार्बोरेटरकडे जाणारी नळी, पेट्रोल कॉकमधील वॉशर, फ्लोट बाऊलची गोल सील आणि फ्लोटच्या सुईचे रबरी टोक, हे चार भाग मुख्य. नळी दोन बोटांत दाबून पाहावी; ती चिकट लागली, फुगलेली दिसली किंवा वाकवली असता बारीक रेषा उमटल्या तर तत्काळ बदलावी, कारण तापलेल्या इंजिनावर ठिबकणारे पेट्रोल हा प्रश्न ॲव्हरेजचा राहत नाही, जिवाचा होतो. दुकानात 'पेट्रोलची नळी' एवढेच न म्हणता 'ई-२० चालणारी नळी' असे सांगून मागावी आणि पावती घ्यावी. जुन्या गाड्यांत वीस-तीस हजार किलोमीटरनंतर काही रबरी भाग व गॅस्केट बदलावे लागतील, हे मंत्रालयानेही वर उल्लेखिलेल्या खुलाशात म्हटले आहे. हा खर्च नित्याच्या सर्व्हिसिंगमध्ये बसणारा आहे.

दुसरी वाट जेटची. इथेनॉलमध्ये प्राणवायू मुळातच असतो, म्हणून त्यास जळण्यासाठी हवा कमी लागते. कार्बोरेटरचे जेट मात्र जुन्या मापाचेच राहते, आणि परिणामी इंजिनास मिळणारे मिश्रण हवेच्या बाजूने झुकते. थंड गाडी उशिरा चालू होणे, ॲक्सिलेटर पिळताच क्षणभर अडखळणे, उतारावर सायलेन्सरमधून फटफट आवाज येणे आणि इंजिन अधिक तापणे ही त्याची लक्षणे होत. प्लग काढून त्याचे टोक पाहावे: बिस्किटी रंग योग्य, खडूसारखा पांढरा असेल तर हवा अधिक, काजळी धरली असेल तर पेट्रोल अधिक. पांढरा दिसल्यास जाणत्या मिस्त्रीकडून हवेचा स्क्रू जुळवून घ्यावा, आणि ज्या कार्बोरेटरच्या सुईला खाचा आहेत त्यात ती एक खाच वर घेता येते. एवढ्याने भागले नाही तरच मुख्य जेट एका मापाने मोठे करावे. एकाच दिवशी तिन्ही बदल करू देऊ नयेत. कोणत्या बदलाने काय साधले हे मग कोणासच कळत नाही.

तिसरी वाट गाळाची. पंधरा वर्षे चाललेल्या टाकीच्या तळाशी गंज आणि चिकट थर बसलेला असतो, आणि इथेनॉल हा उत्तम विद्रावक असल्याने तो थर सुटून खाली येतो. आरंभी दोन-चार वेळा जेट तुंबले तर घाबरू नये. टाकी एकदा धुऊन घ्यावी व कॉकची जाळी साफ करावी.

उभी गाडी आणि पाणी

आपल्या भागात खरे नुकसान चालत्या गाडीचे होत नाही, उभ्या गाडीचे होते. मुलगा पुण्यास नोकरीला लागला आणि त्याची गाडी पडवीत राहिली. उसाच्या हंगामात ट्रॅक्टरवर दिवस गेले आणि मोटारसायकल गोठ्याशेजारी उभी राहिली. इथेनॉल हवेतील ओलावा शोषून घेते. १० टक्के मिश्रणाचे एक लिटर पेट्रोल सामान्य तपमानास सुमारे पाच मिलिलिटर पाणी आपल्यात सामावून घेऊ शकते, ई-२० त्याहून काही अधिक. परंतु ही मर्यादा ओलांडली, किंवा मर्यादेच्या काठावर असताना रात्री थंडी पडली, की पाणी आणि इथेनॉल दोन्ही मिळून पेट्रोलापासून वेगळी होतात आणि टाकीच्या तळाशी, नेमक्या रिझर्व्हच्या तोंडाशी, जाऊन बसतात. त्या थरावर गाडी चालू होत नाही, आणि तो थर लोखंडास व जस्ताच्या कार्बोरेटरला खातो. माझी स्वतःची गाडी एका वर्षी आषाढापासून दिवाळीपर्यंत झाकून ठेवली होती. फ्लोट बाऊल उघडला तेव्हा आत पांढरट भुकटी जमलेली होती आणि जेटच्या छिद्रातून उजेड दिसत नव्हता. झाकून ठेवले म्हणजे जपले, अशी माझी तोवर समजूत होती.

म्हणून मुदतीप्रमाणे पुढील शिरस्ता पाळावा.

- दोन-तीन आठवडे उभी राहणार असेल: टाकी भरलेली ठेवावी, म्हणजे आत ओलसर हवेस जागा राहत नाही. झाकणाचे रबर तपासावे.
- महिना-दोन महिने: वरीलप्रमाणेच, शिवाय कॉक बंद करून गाडी आपोआप विझेपर्यंत चालू ठेवावी, म्हणजे कार्बोरेटर रिकामा होतो. इंजेक्शनच्या गाडीत कॉक नसतो; ती आठवड्यातून एकदा चार-पाच किलोमीटर फिरवून आणावी.
- त्याहून अधिक: टाकीतील मिश्रित पेट्रोल काढून दुसऱ्या चालत्या गाडीत वापरावे आणि उभ्या गाडीत बिनइथेनॉलचे पेट्रोल भरावे. ते मिळत नसेल तर टाकी रिकामी करून आत थोडे इंजिन ऑइल फिरवावे, नाहीतर कोरडी टाकी गंजते.

डाळिंबाच्या व द्राक्षांच्या बागा असलेल्यांनी हाच नियम पेट्रोलवर चालणाऱ्या फवारणी पंपास लावावा. फवारणी संपली की उरलेले मिश्रण काढून टाकावे. पुढच्या बहाराला तो पंप चालू होईना म्हणून आपण कपाळाला हात लावतो, त्याचे कारण बहुधा हेच असते.

मग बिनइथेनॉलचे कोणी घ्यावे

माझे मत स्पष्ट आहे. शंभर-सव्वाशे सीसीची, रोज चालणारी गाडी असेल तर घेऊ नये. त्या पैशांत दर वर्षी नवे रबर, नवा प्लग आणि एक चांगली सर्व्हिसिंग होऊन पैसे उरतील. १०० ऑक्टेन म्हणजे अधिक ताकद हा समजही सोडून द्यावा. ज्या इंजिनाचा दाब मुळातच बेताचा आहे त्यास जादा ऑक्टेनचा उपयोग नाही. जुनी, आवडीने जपलेली, महिन्यातून एकदा बाहेर निघणारी गाडी असेल, किंवा गाडी सहा महिने उभी ठेवावयाची असेल, तर मात्र ते पेट्रोल जरूर घ्यावे, कारण तेथे लिटर थोडे लागतात आणि वाचणारे सुटे भाग बाजारात मिळत नाहीत. परंतु पुण्याहून प्लॅस्टिकच्या कॅनमध्ये भरून एस.टी.तून अथवा गाडीला बांधून आणू नये, आणि घरात साठा तर मुळीच करू नये. पुण्यास गाडी नेण्याचा योग येईल तेव्हा टाकीतच भरून घ्यावे.

पेट्रोलात पाणी घालून, हलवून, खालचा थर काढून टाकून 'शुद्ध' पेट्रोल करण्याची युक्ती हल्ली मोबाइलवर फिरते. ती करू नये. इथेनॉल गेले की उरलेल्या पेट्रोलाचा ऑक्टेन उतरतो, त्यात ओलावा राहतो, आणि घरात उघड्या पेट्रोलाशी खेळण्यात आगीचा धोका आहे. इथेनॉल 'मारण्याच्या' बाटल्याही घेऊ नयेत. पेट्रोलात मिसळलेले इथेनॉल बाटलीभर औषधाने नाहीसे होत नाही.

केवळ प्रमाण जाणून घ्यावयाचे असेल, तर तीच क्रिया अल्प प्रमाणात, मोकळ्या हवेत, विडी-चुलीपासून दूर, मिस्त्रीच्या उपस्थितीत करता येते. शंभर मिलिलिटरच्या काचेच्या मोजनळीत १० मिलिलिटर पाणी व ९० मिलिलिटर पेट्रोल घालून बूच लावून हलवावे आणि दहा मिनिटे ठेवावे. इथेनॉल पाण्यात उतरते. खालचा थर २८ वर आला, तर ९० पैकी १८, म्हणजे २० टक्के इथेनॉल. मोजणीत एक-दोन टक्के इकडेतिकडे होतातच. परंतु खालचा थर ३५ च्या पलीकडे गेला, तर चौकशी करण्यास सबळ कारण आहे. तपासलेले पेट्रोल पुन्हा टाकीत ओतू नये.

पंपावर आपण काय मागू शकता

पुढील हक्क पंपावर नम्रपणे पण ठामपणे मागावेत. ते नाकारण्याचा अधिकार पंपचालकास नाही.

- पाच लिटरचे प्रमाणित माप: वैधमापन शास्त्र विभागाचा शिक्का असलेल्या मापात पेट्रोल सोडून दाखविण्यास सांगता येते. पाच लिटरमागे २५ मिलिलिटरपर्यंतचा फरक क्षम्य धरला जातो, त्यापुढील नाही.
- फिल्टर पेपर: नोझलचे तोंड पुसून एक थेंब टाकावा, दोन-एक मिनिटांत तो डाग न ठेवता उडून गेला पाहिजे. डाग राहिला तर भेसळीचा संशय घ्यावा.
- घनता: हायड्रोमीटरने मोजून १५ अंश तपमानास आणलेला आकडा त्या टँकरच्या चलनावरील आकड्याशी ताडून पाहावा, फरक ३ एककांहून अधिक नसावा.
- पाण्याची तपासणी: जमिनीतील टाकीत पाणी आहे की नाही हे पाहण्याची पेस्ट पंपावर असते. अवकाळी पावसानंतर तिची नोंद अवश्य विचारावी.
- पावती आणि तक्रारवही: दोन्ही मागताच मिळाल्या पाहिजेत. हवा आणि पिण्याचे पाणी विनामूल्य.

घनतेच्या किंवा फिल्टर पेपरच्या तपासणीने इथेनॉलचे प्रमाण कळत नाही, हे ध्यानात ठेवावे. त्याचा अधिकृत आकडा हवा असेल तर सरकारी तेलकंपनीकडे माहिती अधिकाराखाली १० रुपये शुल्काचा अर्ज करता येतो. त्यास ३० दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे.

गाडी पंपावरून निघून वाटेतच बंद पडली तर

पुन्हा पुन्हा किक अथवा सेल्फ मारू नये. पेट्रोलात पाणी आले असेल तर ते पुढे ओढले जाते, आणि इंजेक्शनच्या गाडीत टाकीतला पंप जळण्याचा प्रसंग येतो. पावती जपून ठेवावी. दोन साक्षीदारांदेखत काचेच्या स्वच्छ बाटलीत थोडे पेट्रोल काढावे, त्यात दोन थर दिसतात काय ते पाहावे, छायाचित्र घ्यावे आणि त्याच दिवशी पंपावर जाऊन टाकीतील पाण्याची तपासणी मागून तक्रारवहीत वेळ, लिटर व गाडीचा क्रमांक यांसह मजकूर लिहावा. मिस्त्रीकडून काय निघाले व काय बदलले याची लेखी पावती घ्यावी. तोंडी साक्षीवर पुढे काही उभे राहत नाही.

पंपावर दाद लागली नाही तर तेलकंपनीच्या विभागीय कार्यालयाकडे लेखी तक्रार द्यावी, मापाविषयी असेल तर वैधमापन शास्त्र विभागाकडे, आणि राष्ट्रीय ग्राहक साहाय्य क्रमांक १९१५ वर नोंद करून तिचा क्रमांक टिपून घ्यावा. शेवटी पुण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ अन्वये मुदत दोन वर्षांची आहे, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहारास शुल्क नाही, आणि वकील देण्याची सक्तीही नाही. ई-२० वापरल्याने विम्याचा दावा नाकारला जाईल ही भीती निराधार असल्याचे मंत्रालयाने जाहीर केले आहे. वॉरंटीविषयी मात्र तोंडी आश्वासन घेऊ नये. उत्पादकास लेखी विचारून त्याचे उत्तर आर.सी.च्या कागदांत ठेवावे.

दहा लिटरच्या टाकीत दोन लिटर इथेनॉल असते, आणि ते सरळ उसाच्या रसापासून केले असेल तर त्यामागे सुमारे २८ किलो ऊस असतो; तो कदाचित आपल्याच शेतातला असेल. त्या उसाच्या काट्यावरचे वजन आपण जितक्या बारकाईने पाहता, तितक्याच बारकाईने पंपावरचे मापही पाहावे. आणि आज संध्याकाळी उजेड आहे तोवर गाडीपाशी बसून टाकीखालची नळी एकदा दोन बोटांत दाबून पाहावी. ती मऊ किंवा चिरलेली लागली, तर उद्या बाजारच्या पिशवीत पहिली तीच घालावी, ही माझी वाचकांस विनंती आहे.